गाडीची मोरी

आमच्या दारात एक जुनी पांढरी गाडी उभी असायची. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्स्या फिरायच्या, त्याच जातीची, फक्त रंग वेगळा. मालकांनी ती कारखान्यातल्या एका साहेबाकडून घेतली होती. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत आणि आता या वयात सवय मोडायची मला हौस नाही. ते अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, नाहीतर पारावर बसून दुसऱ्यांच्या सुनांबद्दल बोलतात. आमच्या मालकांनी गाडी घेतली. मी तेव्हाच म्हटलं होतं, दारात म्हैस बांधली असती तर दूध तरी दिलं असतं.

गाडीनं दूध दिलं नाही, मान दिला. बदलापुरात मांजर्लीला आमच्या गल्लीत सगळी बैठी घरं, तेव्हा दुसऱ्या कुणाकडे गाडी नव्हती. वैशाख पौर्णिमेला आमच्या विहारात कार्यक्रम असतो, त्याला अंबरनाथहून भंतेजी येतात. पूर्वी ते रिक्षातून यायचे. गाडी आल्यावर विहाराच्या समितीनं मालकांना सांगितलं, यापुढे तुम्ही आणत जा. तेव्हापासून त्या दिवशी मालक पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून स्टेअरिंगवर आणि भंतेजी मागच्या सीटवर. विहाराशी गाडी थांबली की अख्खी वस्ती हात जोडून उभी. हात भंतेजींना जोडलेले असायचे. पण मालक उतरून मागचं दार उघडेपर्यंत, त्यातले थोडे आपल्यालाही आहेत असं धरून चालायचे. तेवढ्यावर त्यांचं वर्ष निघायचं.

दोन हजार पाच सालच्या पावसाळ्यात उल्हास नदी आमच्या घरात आली. आम्ही शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊन बसलो आणि तिथून आपापली घरं बुडताना पाहिली. रडण्यात अर्थ नव्हता, पाणी आधीच भरपूर होतं. उतरलं तेव्हा घरात चिखल आणि गाडीतही चिखल. मालक आधी गाडीकडे गेले. मी भांडी घासत होते, मला ते दिसलं. अजून विसरले नाही.

मेकॅनिकला धरून त्यांनी इंजिन चालू करून घेतलं, सीटा उन्हात वाळवल्या. खालच्या कार्पेटला मात्र कुणी हात लावला नाही. गाडीला खाली कार्पेट असतं, कार्पेटखाली तागाचा जाड नमदा असतो आणि त्याच्याखाली पत्रा, हे मला तरी कुठं माहीत होतं. वरून वाळलेलं दिसलं, म्हणून आत वाळलं असं मालकांनी धरलं. गोधडी धुणाऱ्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं, पण गाडीबद्दल बायकांना कोण विचारतं.

त्या वर्षी आश्विन पौर्णिमेला, भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, म्हणजे वर्षावास संपताना, भंतेजींना पुन्हा आणायचं होतं. मीही गाडीत होते, पुढच्या सीटवर, हातात हारांची पिशवी. काचा लावल्या की गाडीत नदीचा वास यायचा, मेलेल्या माशासारखा. भंतेजींनी काच पूर्ण खाली केली. बाहेर रस्त्याची धूळ होती, तरी केली. विहाराशी उतरले तेव्हा त्यांच्या चीवराच्या काठाला गंजाचा तपकिरी डाग लागला होता. सगळ्यांनी पाहिला. भंतेजी हसून आत गेले, त्यांचं काय. मालक तिथेच दार धरून उभे राहिले.

समितीचे अध्यक्ष आमच्याच गल्लीतले, कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलानं तेव्हा नवी गाडी घेतली होती, थंड हवेची. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले की वैशाखीला तुम्ही आराम करा, भंतेजींना माझा मुलगा आणेल. फार गोड बोलले. त्या दिवशी जेवताना मालकांनी लोणचं मागितलं नाही, तेव्हा मला कळलं की लागलंय.

दुसऱ्या दिवशी मालक अध्यक्षांकडे गेले आणि वैशाखीच्या आदल्या दिवसापर्यंत मुदत घेऊन आले. त्या संध्याकाळी अध्यक्षांनी येऊन गाडीत बसायचं. वास नाही, डाग नाही, तर मान आमच्या गाडीचा. नाहीतर मुलाची गाडी.

थंडीत काम सुरू झालं. मालकांनी सीटा काढल्या आणि घरात आणून ठेवल्या. मागची लांब सीट भिंतीला लावली. पाहुणे यायचे ते त्याच्यावर बसायचे आणि उठायला मागायचे नाहीत. एक बाई तर म्हणाली, असला सोफा कुठून घेतला. मी म्हटलं, दारात बाकीचा आहे.

मग कार्पेट ओढलं. ते कार्पेट नव्हतंच, चिखलाची पोळी होती. खालचा नमदा हातात यायच्या आधीच सुटत होता. त्यात काय काय निघालं. शेंगांची टरफलं, साहेबाच्या घरातला कुणाचा तरी लाकडी भोवरा, केसांचा आकडा. आकडा माझा नव्हता. मालक म्हणाले साहेबाच्या बायकोचा असेल. मी म्हटलं, असेल, मी कुठं काय विचारलं.

त्याखाली पत्रा. ड्रायव्हरच्या पायापाशी तर गाडीतून खालची जमीन दिसत होती, तिच्यावरून मुंग्या चालल्या होत्या. मागे जिथे भंतेजींचे पाय असायचे तिथेही चाळण झालेली. बाकी गंजाचे पापुद्रे. मालक तारेचा ब्रश घेऊन बसले आणि मी उलथनं घेऊन. करपलेल्या दुधाच्या पातेल्याची खरवड काढतात तसाच गंज काढायचा, जोर लावायचा पण भांड्याला भोक पडू द्यायचं नाही. इथे भोकं आधीच पडलेली होती म्हणून ती काळजी नव्हती. येणारे-जाणारे थांबायचे. एक शेजारीण म्हणाली, "आजी, भंगारवाल्याला द्या की, कशाला नखं खराब करता?" मी म्हटलं, "म्हातारा पण जुनाच आहे, त्यालाही देऊ का?" ती हसत गेली. मालक गाडीखाली होते, त्यांनी ऐकलं, पण त्यांना तेव्हा माझी गरज होती.

इथे आमच्या गल्लीचं एक सांगायला पाहिजे. पुरानंतर सगळ्यांनी आपापल्या दाराचा उंबरठा विटा-सिमेंटनं वाढवला. गुडघ्याएवढा उंबरठा, ओलांडायला म्हाताऱ्यांना हात द्यावा लागायचा. नदी परत आली तर दारातच थांबेल असा हिशेब. आमचा तर मालकांनी स्वतः बांधला, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. मग मी एक दिवस फरशी धुतली. पूर्वी पाणी झाडूनं दारातून बाहेर लोटायचे. आता लोटू कुठे? सगळं पाणी उंबरठ्याला आपटून माझ्याच पायावर परत. मोरी मागच्या अंगाला, चढावर. तांब्या-तांब्यानं पाणी काढता काढता कंबर गेली. दुसऱ्या दिवशी मालक बाजारात गेल्यावर मी छिन्नी-हातोडा घेतला आणि उंबरठ्याच्या तळाला भोक पाडलं. वर जुन्या लुगड्याचा घट्ट बोळा बसवला. पाणी काढायचं तर बोळा ओढायचा, नदी आली तर ठोकून बसवायचा.

मालक आले आणि चिडले. मी पाणी अडवतोय आणि तू भोक पाडतेस, म्हणाले. मी म्हटलं, येणारं पाणी वर्षातून एकदा येतं, सांडणारं रोज सांडतं. त्यांना पटलं नाही. गल्ली आठवडाभर हसली, मग हळूच घराघरात छिन्नीचा आवाज यायला लागला.

हे मालकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी गाडीच्या वेळी काय केलं ते ऐका. पत्रा घासल्यावर तळाला गोल भोकं दिसली, रुपयाएवढी, कडा अगदी नीट. गंजाची नव्हेत, मुळातच ठेवलेली. त्यांच्यावर रबराची बुचं होती, ती पुरात कुठे गेली कोण जाणे. मालक म्हणाले, सापडला चोर. नदी इथून आत आली. गल्लीतले चार बुजुर्ग वाकून बघून गेले, त्यांनीही माना डोलावल्या. उंबरठे वाढवणारीच माणसं ती. नदी काचेवरून आली होती, सगळ्यांनी गच्चीवरून पाहिलं होतं. पण माणसाला आपल्याला बंद करता येईल असंच भोक लागतं.

गाडी दोरीनं बांधून अंबरनाथला वेल्डरकडे नेली. त्यानं कुजलेला पत्रा कापून काढला, नवा पत्रा ठोकून तळाच्या आकाराचा केला आणि झाळला. मालक शेजारी उभे राहून प्रत्येक टाका बघत होते, वेल्डरला त्याचा कंटाळा आला असावा. शेवटी मालकांनी त्या गोल भोकांकडे बोट दाखवलं. वेल्डरनं विचारलं, "ये भी?" मालक म्हणाले, "ये तो पहिले." त्यानं तीही झाळली. घरी आणून आम्ही आतून लाल प्रायमर मारला, वर काळा रंग, खालून डांबर. मालकांनी आत बादलीभर पाणी ओतून सगळ्यांना दाखवलं. एक थेंब खाली गेला नाही. लोकांनी शाबासकी दिली. ते पाणी नंतर मालकांनी तांब्यानं उपसलं, मी दारातून बघत होते.

कार्पेटचं काम माझ्याकडे आलं, कारण शिलाई मला येते. मुलं लहान असताना मी उल्हासनगरहून जीन्सचे कापलेले तुकडे आणून घरी शिवायचे, पट्टे आणि खिसे. जाड कापडाला माझी मशीन घाबरत नाही. जुन्या कार्पेटच्या पोळ्या मी टाकू दिल्या नव्हत्या. त्या वाळवून, वर्तमानपत्रावर ठेवून, पेन्सिलीनं आकार काढले. गिअरच्या भागाचा उंचवटा, ब्रेकच्या दांड्यांची जागा, सगळं कागदावर.

उल्हासनगरला गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं, दुकानदार सिंधी, माझ्याच वयाचा. त्यानं तयार सेट काढला, प्लास्टिकचा, चकाकणारा. मी पिशवीतून कागद काढून काउंटरवर पसरले. तो बघत राहिला.

"अम्मा, शर्ट सिला रहे हो या गाडी?"

"गाडी को भी नाप होता है, साईं. तुम्हारे सेट में मेरी गाडी का पेट नहीं बैठेगा."

"तो पेट कम करो," तो म्हणाला, पण मालकांकडे बघून. मालकांचं पोट तेव्हा सुटलं होतं. मला हसू आलं, मालकांना नाही आलं. त्यांना लाल कार्पेट हवं होतं, लग्नाच्या मांडवासारखं. मी गर्द कथ्थई घेतलं. भंतेजींच्या चीवराला शोभेल असं मी सांगितलं. खरं कारण, त्याच्यावर मळ दिसत नाही. खाली घालायला तागाचा नवा नमदाही घेतला.

कापणं सोपं होतं, शिवणं नाही. कडेला काळी पट्टी लावताना सुया मोडल्या, मी शिव्या दिल्या, मालकांनी निमूटपणे सुया आणून दिल्या. शेवटी नमदा बसला, वर कार्पेट बसलं, घरातला सोफा परत गाडीत गेला आणि पाहुणे पुन्हा जमिनीवर आले. आत बसलं की नव्या तागाचा वास. गाडी खरंच चांगली दिसत होती. मी तसं बोलले नाही, मालकांनी विचारलंही नाही, त्यांचं त्यांनी मानून घेतलं.

वैशाखीचा आदला दिवस. संध्याकाळी अध्यक्ष येणार. सकाळी मालकांनी पाइप लावून गाडी धुतली, वरून, खालून, चाकं, काचा, लग्नाच्या नवरदेवासारखी. दुपारी आत फडकं मारायला गेले आणि मला हाक मारली. हाकेवरूनच कळलं. मी गेले. त्यांनी कार्पेटवर पाय दाबला तर बोटांच्या मधून पाणी वर आलं.

पुढच्या काचेचं रबर जुनं होतं, ते कुणी बदललं नव्हतं. पाइपचं पाणी तिथून आत झिरपत राहिलं, कार्पेटखाली गेलं, नमद्यानं प्यायलं आणि बाकीचं तळाला साचलं. जाणार कुठे? तळ परातीसारखा बंद होता. मालक उघड्या दारात बसले, पाय बाहेर.

"अध्यक्षाला सांगून ये, त्यांचीच गाडी काढा म्हणावं."

"मी नाही जाणार. ड्रिल कुठंय?"

"ड्रिल कशाला?"

"मोरी पाडायला. तुम्ही घर बांधलं आणि मोरी विसरलात, दुसऱ्यांदा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग उंबरठ्याकडे, त्यातल्या लुगड्याच्या बोळ्याकडे. मग उठले. नवा रंग, नवा पत्रा, आणि त्यातच ड्रिल घालायचं. स्वतःची दाढ स्वतः उपटावी तसं तोंड करून त्यांनी भोकं पाडली, बुजवली होती तिथेच. पाणी खाली धो-धो गेलं. भोकांच्या कडांना त्यांनी रंगाचं बोट फिरवलं. बुचं म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोळे करून दिले.

कार्पेट घराच्या पत्र्यावर टाकलं. बदलापुरात वैशाखातलं ऊन काय असतं ते सांगायला नको, पापडासारखं वाळलं. नमदा मात्र वाळेना. वरून कोरडा, आतून थंडगार. या वेळी मी त्यावर कुणाला फसू दिलं नाही, तो पत्र्यावरच ठेवला. मालकांनी कार्पेट तसंच गाडीच्या तळावर अंथरलं, नमद्याशिवाय, गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि अध्यक्ष आले.

अध्यक्षांनी चपला काढल्या, मागे बसले, काचा लावायला सांगितल्या. आम्ही बाहेर उभे. आत ते नाक वर करून एकदा इकडे, एकदा तिकडे वास घेत होते. बरेच लोक जमले होते. थोड्या वेळानं दार उघडून घामेघूम बाहेर आले.

"वास नाही," ते म्हणाले. "डागही नाही. पण पाय भाजले. भंतेजी अनवाणी असतात."

खरंच होतं. सायलेन्सर त्या तळाखालून जातो. नमदा नसला की पत्रा तव्यासारखा तापतो आणि कार्पेट एकटं काय करणार. उन्हाळ्यात गाडी गार लागते तर माझ्या मुलाचीच, असं ते पुढे बोलले नाहीत, पण खिशातून फोन काढला. मालक चाकाकडे बघत उभे राहिले.

मी म्हटलं, "भाऊ, फोन आत ठेवा. सकाळी परत येऊन पाय ठेवा. भाजले तर मी स्वतः तुमच्या मुलाच्या गाडीत हार घेऊन बसते."

ते कबूल झाले. माझ्यासमोर नाही म्हणायचं त्यांना तसं कधी जमलं नाही. मालकांनी घरात येऊन विचारलं की सकाळपर्यंत नमदा वाळेल का. मी म्हटलं, वाळायला नको आहे.

आमच्या ओट्यावर पाण्याचा माठ असतो. वैशाखात त्याला मी ओलं गोणपाट गुंडाळते, सगळ्याच बायका गुंडाळतात. बाहेर कितीही तापू दे, गोणपाट ओलं तोवर माठ गार. पाणी उडून जातं आणि जाताना ऊन घेऊन जातं, एवढं चौथीपर्यंत शिकलेल्या मलाही कळतं. सकाळी मी धुतलेली गोणपाटं घेतली, भिजवली, पिळली आणि मागच्या पायांच्या जागी कार्पेटखाली नीट अंथरली. मालक बघत होते.

"काल ओलं काढलं, आज ओलं घालतेस."

"काल साचलेलं होतं. आज मोरी आहे. ते गोळे काढा."

त्यांनी खाली वाकून ट्यूबचे गोळे काढले.

अध्यक्ष आले. बसले, पाय ठेवले, उचलले, परत ठेवले. मग म्हणाले की मीही अंबरनाथपर्यंत येतो, परतीच्या वाटेत काय होतं ते बघतो. आम्ही तिघं निघालो. जाताना ते मागे बसले होते आणि अर्ध्या रस्त्यात त्यांना डुलकी लागली. मालकांनी आरशात पाहिलं आणि मला कोपरानं ढोसलं. येताना भंतेजी मागे, अध्यक्ष पुढे आणि मी भंतेजींपासून अंग चोरून कडेला, मांडीवर हारांची पिशवी. उन्हाचा रस्ता, गाडीत थंड हवा नाही, काचा उघड्या. भंतेजी दोन्ही पाय कार्पेटवर टेकवून शांत बसले होते.

विहाराशी वस्ती हात जोडून उभी होती. मालकांनी उतरून मागचं दार उघडलं. भंतेजी खाली उतरले. सगळ्यांची नजर चीवराच्या काठावर गेली, माझीही. काठ स्वच्छ होता.

"पायाखाली गार होतं," भंतेजी मालकांना म्हणाले. "काय घातलंय?"

मालक पत्र्यापासून सांगायला लागतील, वेल्डिंगपर्यंत येता येता भंतेजींना उन्हात उभं करतील, म्हणून मीच म्हटलं, "गोणपाट, भंतेजी. माठाचं." ते हसले आणि आत गेले.

गर्दी त्यांच्या मागे गेली. अध्यक्ष मात्र गाडीपाशी थांबले, वाकले आणि खाली बघितलं. गाडीखालच्या डांबरी रस्त्यावर थेंब पडत होते.

"अहो, गळतंय तुमची गाडी," ते म्हणाले.

मालकांनी पँट सावरली, त्यांच्या शेजारी वाकले आणि जरा वेळ थेंब बघत राहिले.

"गळत नाही," ते म्हणाले, "निघतंय."

मी दोघांना तिथेच वाकलेलं सोडलं आणि आत गेले. खिरीच्या पातेल्याशी रांग लागायला लागली होती.